मस्तगडहून वेरूळला : एका गाडीचा जमाखर्च

कुंडलिका नदीने जालन्याचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुने जालना, दुसऱ्या काठावर कादराबाद आणि त्यापुढे वाढत गेलेली नवी पेठ. जुन्या शहराच्या पूर्वेला निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये किल्ला आणि गढी उभारली. चौकोनी आकार, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, बांधणीचे साल सांगणारा फारसी शिलालेख आणि आत दालने-सज्जे असलेली मोठी विहीर. या गढीचे नाव मस्तगड. पुढे नगरपालिकेची कचेरी इथेच भरू लागली आणि जिथून तोफा रोखल्या जात तिथून घरपट्टीच्या पावत्या फाटू लागल्या. आज मस्तगड हे गढीपेक्षा वस्तीचे नाव म्हणून अधिक ओळखले जाते.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या गावाने मिरवली, त्या गावाला हिशेबाची सवय असणारच. कापूस आणि सरकी, मग १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या ‘महिको’पासून बियाणे, मग भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या गिरण्या, असा हा व्यापार सरकत आला. पण जालन्याला सर्वांत कडक हिशेब शिकवला तो पाण्याने. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, घराघरांत टँकरचे पाणी मोजून भरले गेले, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या वर्षी ज्या घराने पाण्याच्या टाकीवर खडूने रेघा मारल्या, त्या घरात पेट्रोलच्या थेंबाचा हिशेब निघाला तर नवल नाही.

असे एक घर कल्पावे. जालन्यात अशी जैन घरे पुष्कळ आहेत. मस्तगडाच्या परिसरात जुना वाडा, खाली पेढी, वर राहणे. आजींचे वय ऐंशीच्या पुढे, गुडघे थकलेले, पण वेरूळच्या डोंगरावरच्या पार्श्वनाथांचे दर्शन एकदा घडावे ही इच्छा मनात पक्की. मधल्या पिढीचे अण्णा. त्यांनी श्रावकाची बारा व्रते घेतली तेव्हा परिग्रहाचे परिमाण वहीत लिहून ठेवले होते : सोने इतके, जागा इतकी, वाहने दोन. तिसरी पिढी शिकून आलेली, यंत्रात रस असलेली. तिला हवी आहे एक प्लग-इन हायब्रिड मोठी गाडी. पुण्याच्या नातलगांकडे तशी आहे आणि दिवाळीनंतर ते ती घेऊन जालन्याला आलेही आहेत. “आजीला आरामात नेता येईल, गाडी विजेवर चालते, धूर नाही, खर्च नाही,” हा नातवाचा युक्तिवाद. अण्णांचे उत्तर एवढेच : “खर्च नाही असं काही नसतं. वही काढ.”

ही गाडी म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण नावामुळे घोटाळा होतो. साध्या हायब्रिडची बॅटरी लहान असते. ती इंजिनावर आणि ब्रेकवर भरते, भिंतीतल्या बटनाशी तिचा संबंध नाही. निव्वळ विजेच्या गाडीत इंजिनच नाही. प्लग-इन हायब्रिडमध्ये दोन्ही संसार एका छपराखाली नांदतात : पूर्ण पेट्रोल इंजिन, आणि घरी भरता येईल अशी मध्यम बॅटरी. भारतात या जातीच्या आलिशान गाड्यांपैकी पहिल्यांत व्होल्वोची ‘एक्ससी ९० टी ८’ होती. २०१६ मध्ये ती आली तेव्हा किंमत सव्वा कोटी रुपये होती; पुढे बेंगळुरूजवळ तिची जोडणीही झाली. पुढची चाके इंजिन ओढते, मागची चाके मोटर. सुरुवातीला बॅटरी नऊ किलोवॅट-तासांच्या आसपास होती, नंतरच्या गाड्यांत ती १८.८ झाली. त्यातले साधारण पंधरा युनिट प्रत्यक्ष वापरायला मिळतात. बाकीचे बॅटरीच्या आयुष्यासाठी राखीव. घराण्याच्या मोडू नयेत अशा ठेवीसारखे.

कागदावरचे आकडे मोहक आहेत. युरोपातील चाचणीच्या तक्त्यात अशा गाड्यांना लिटरला पन्नास-साठ किलोमीटर, कधी त्याहून जास्त, असा आकडा सहज मिळतो. तो खोटा नाही, पण त्यामागची गृहीते मालकाला कोणी सांगत नाही. भरलेल्या बॅटरीने धावलेले अंतर आणि रिकाम्या बॅटरीने धावलेले अंतर यांची एक ठरावीक सांगड घातली जाते आणि मालक गाडी नेमाने, जवळजवळ रोज, भरतो असे धरले जाते. माणसे तशी वागत नाहीत. युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचा प्रत्यक्ष इंधनखर्च कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक वीस टक्क्यांच्या आसपास होता. थोडक्यात, या गाडीचे मायलेज गाडीत नसून मालकाच्या शिस्तीत असते.

शिस्तीची पहिली परीक्षा मस्तगडाच्या गल्लीतच होते. वाड्याला पोर्च नाही. गाडी गल्लीत, भिंतीला खेटून. सोळा अँपिअरचे बटन पेढीच्या आतल्या भिंतीवर, तिथून वायर खिडकीतून बाहेर काढायची तर ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येणार. गाडीतला चार्जर ३.७ किलोवॅटचा असला तरी घरच्या बटनावर तेवढी वीज मिळत नाही. रिकामी बॅटरी भरायला सहा-सात तास लागतात. महामार्गावरच्या जलद चार्जरवर तासाभरात भरेल म्हणावे, तर या जातीच्या बहुतेक गाड्यांना तो चार्जर घेताच येत नाही. अर्थिंग नीट नसले तर गाडी वीज घ्यायलाच नकार देते, आणि जुन्या वाड्यांतले अर्थिंग हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. मंजूर वीजभार तीन किलोवॅट असलेल्या घरात गाडी, गिझर आणि पाण्याची मोटर एकाच वेळी सुरू झाली की अंधार ठरलेला. या वाड्यात अखेर वायरमन बोलावून स्वतंत्र लाइन घेतली, गल्लीतल्या वायरीवर जुने रबरी पायपुसणे टाकले, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले. हा खर्च कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

मग वही उघडली. आकडे सोपे धरले, म्हणजे कोणालाही आपल्या घरचे दर घालून पडताळता यावेत. वीज युनिटला १२ रुपये. बॅटरीत १५ युनिट भरायला भिंतीतून १७ युनिट घ्यावे लागतात, कारण भरताना थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणजे एका भरणीला २०४ रुपये. कागद सत्तर किलोमीटरच्या आसपास सांगत असला, तरी सव्वादोन टनांहून जड गाडी, मराठवाड्यातला उन्हाळा आणि अखंड चालणारा एसी धरता पन्नास किलोमीटर हा प्रामाणिक आकडा. किलोमीटरला चार रुपये. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर जसजसा पूर्वेला सरकतो तसतसा भाव चढतो, आणि शेजारची परभणी तर राज्यातल्या महाग पेट्रोलसाठी प्रसिद्धच आहे. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी शहरात लिटरला आठ किलोमीटर देते. किलोमीटरला तेरा रुपये.

तेरा आणि चार. नातवाचा चेहरा उजळला. पेढी, मोंढा, औद्योगिक वसाहत, स्थानक, मंदिर असे रोजचे वीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे सहा हजार किलोमीटर. पेट्रोलवर ७८ हजार ७५०, विजेवर साडेचोवीस हजार. वर्षाला ५४ हजारांची बचत. अण्णांनी आकडा मान्य केला आणि खाली दुसरी ओळ लिहिली. प्लग-इन गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा १५ लाखांनी महाग धरली, तर ती बचत वसूल व्हायला सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर गाडी कुठल्यातरी भट्टीत वितळून सळई झालेली असेल, कदाचित जालन्यातच. तेच १५ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला एक लाख पाच हजार व्याज येते, बचतीच्या जवळजवळ दुप्पट. व्यापारी घरात व्याज विसरून केलेल्या हिशेबाला हिशेब म्हणत नाहीत.

करानेही या गाडीला मोठी मदत केलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि निव्वळ विजेच्या गाडीवर पाच टक्के. प्लग-इन हायब्रिडच्या पोटात इंजिन असल्याने ती पहिल्या पंगतीत बसते. बॅटरी ओढते, पण बॅटरीची सवलत मिळत नाही. दोन यंत्रणा म्हणून देखभालही दोन : ऑइल, फिल्टर, प्लग इंजिनाचे, थंडावा राखणारे द्रव आणि विद्युत-तपासणी बॅटरीची. बॅटरीला बहुधा आठ वर्षांची हमी असते. टायर मोठे आणि महाग. जड गाडी ते लवकर खाते. विमा किमतीच्या प्रमाणात. आणि एक गंमत : जो मालक खरोखर शिस्तीने केवळ विजेवर गाडी चालवतो, त्याच्या टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळे होते. म्हणून काही गाड्या अधूनमधून स्वतःहून इंजिन सुरू करून जुने पेट्रोल संपवतात.

वही तिथेच मिटली असती. पण आजींचे वेरूळ बाकी होते. नातलगांनी किल्ली पुढे केली. “दोन दिवस घेऊन जा. रस्त्यावरचा हिशेबही होऊन जाईल.”

मंगळवार टाळून दिवस ठरला, कारण मंगळवारी वेरूळच्या लेणी बंद असतात. पहाटे वायर काढली, पडद्यावर बॅटरी पूर्ण भरल्याचे चिन्ह होते. पहिला अडथळा चाकांचा नव्हता, पायरीचा होता. अशी गाडी उंच असते. तरुणाला ते रुबाबदार वाटते, ऐंशीच्या गुडघ्यांना तो किल्ल्याचा बुरूज वाटतो. देवघरातला पाट आणून गाडीखाली ठेवला गेला, त्यावर पाय देऊन आजी आत बसल्या, आणि पाट डिकीत गेला. सव्वा कोटीच्या गाडीत सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू तो शिसवी पाट ठरला. आत बसल्यावर मात्र आजींनी पहिली दाद दिली : “चालू झाली का? आवाज कसा नाही?”

जालना ते छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर, पुढे वेरूळ तीस. समृद्धी महामार्गाचा जालन्याचा फाटा जवळ आहे. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. पण तिथे ताशी १२० ची मुभा आहे, किलोमीटरला दोन रुपयांहून अधिक पथकर आहे, आणि वेग हा बॅटरीचा शत्रू आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवर पन्नास किलोमीटर जाणारी भरणी एकशेवीसवर पस्तीसला थकते. म्हणून जुन्या रस्त्याने, बदनापूर-करमाडवरून, ऐंशीच्या आत. दुतर्फा कपाशी, मधूनच मोसंबीची बाग; जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुष्काळानंतर पुन्हा लावलेली झाडे आता फळावर आली आहेत.

याच रस्त्याच्या बाजूने सूर्योदयाच्या सुमारास विहार करणारे साधू-साध्वी दिसतात. चातुर्मास संपला की हा रस्ता त्यांचाही होतो. ईर्यासमिती पाळणारी नजर चार हात पुढच्या जमिनीवर असते, मागे काय येते ते पाहण्यासाठी नसते. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज आधी कानावर पडतो. विजेवर चालणारी ही गाडी अंगाजवळ येईपर्यंत कळत नाही. विहारातल्या अपघातांच्या बातम्या समाजाने पुष्कळ वाचल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. युरोपात २०१९ पासून नव्या विद्युत आणि हायब्रिड गाड्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज काढणे सक्तीचे झाले, तेही पायी चालणाऱ्यांसाठीच. नातवाने वेग उतरवला, गाडी पलीकडच्या पट्ट्यात घेतली, आणि साध्वींची तुकडी मागे पडेपर्यंत इंजिनाचे बटन दाबून ठेवले. त्या आवाजासाठी जळलेल्या पेट्रोलचा हिशेब अण्णांनी विचारला नाही.

करमाड मागे पडले की शेंद्रा लागते. इथे स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. ऑडीच्या गाड्याही याच आवारात जोडल्या जातात. मराठवाड्याला आलिशान गाडी अनोळखी नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या घरातला तो सौदा देशभर गाजला. सौद्याचे मर्म असे की गट करून घासाघीस केली, बँकेकडून व्याजदरही उतरवून घेतला. म्हणजे चैनीची खरेदीसुद्धा मोंढ्याच्या रीतीने झाली. तेव्हा मागास म्हणवला जाणारा हा भाग असे काही करू शकतो याचे कौतुक झाले. त्या गाड्या पुढे लिटरला किती चालल्या याची बातमी मात्र कोणी छापली नाही.

चिकलठाण्याच्या अलीकडे नातवाने एक चाल केली. पहिले तीसेक किलोमीटर विजेवर गेल्यावर त्याने बॅटरी राखून ठेवण्याचे बटन दाबले आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालवले. शहरातला जालना रोड लागला तसे पुन्हा विजेवर. ही या गाडीची खरी गुरुकिल्ली आहे. इंजिन मोकळ्या रस्त्यावर सर्वांत कमी पेट्रोल पिते आणि सिग्नलच्या गर्दीत सर्वांत जास्त; मोटरचे नेमके उलट. बॅटरी आधीच संपवून गर्दीत इंजिनावर शिरणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणे. आणखी एक बटन असते, इंजिनानेच बॅटरी भरण्याचे. त्याला हात लावू नये. त्यातून मिळणारी वीज महावितरणच्या विजेहून कितीतरी महाग पडते.

दौलताबादला जुन्या दरवाजातून रस्ता जातो. यादवांच्या राजधानीची ती वेस हत्ती जाण्याइतकी आहे; दोन मीटर रुंदीची गाडी आरसे सांभाळत हळूच निघाली. पुढे खुलताबादचा घाट. माणसांसह अडीच टनांहून जड गाडी दोनशे मीटर उंच चढवायची तर भौतिकशास्त्राच्या साध्या गुणाकाराने जवळजवळ दीड युनिट ऊर्जा केवळ उंचीसाठी लागते. ती कोणाला चुकत नाही. मात्र साधी गाडी उतारावर ही मिळकत ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता म्हणून उधळते, आणि या गाडीची मोटर उतरताना जनित्राचे काम करून त्यातले एकाच्या आसपास युनिट परत जमा करते. वेरूळकडच्या उतारावर पडद्यावरचा आकडा दोन किलोमीटरने वाढलेला पाहून अण्णा पहिल्यांदा पडद्याकडे झुकले. खर्चाच्या रकान्यात आपोआप जमा पडताना त्यांनी कधी पाहिले नव्हते.

वेरूळला जैन लेणी सर्वांत उत्तरेला आहेत, तीस ते चौतीस क्रमांकांच्या. कैलासासमोरची गर्दी इथवर पोचत नाही. बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. नावातला इंद्र गैरसमजाचा आहे, हत्तीवर बसलेली ती मूर्ती यक्षाची आहे. अंगणात एका दगडातून कोरलेले सर्वतोभद्र मंदिर, एका बाजूला मानस्तंभ, एका बाजूला हत्ती. भिंतीत सर्पफणांखालचे पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली समोरासमोर. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका, तिच्यासोबत मूल. छतावर रंगांचे अवशेष अजून आहेत. आजींना वरचा मजला शक्य नव्हता. त्या अंगणात पाटावर बसून राहिल्या आणि नातवाने फोनवर अंबिका दाखवली. फोन परत देताना त्यांनी विचारले, “मूल डावीकडे आहे की उजवीकडे?” आणि नातवाला पुन्हा वर जावे लागले.

डोंगरावरच्या पार्श्वनाथांची मूर्ती शके ११५६ ची, म्हणजे इसवी सन १२३४-३५ ची. चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ती करवली असे तिच्यावरचा लेख सांगतो, आणि डोंगराला चारणाद्री म्हणतो. आठशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने आपल्या धनाचा असा एक रकाना वहीत मांडला. तिथवर पोचायला अखेर पाय, काठी आणि आधाराचे दोन हात हीच वाहने. आजी सावकाश, थांबत, बसत गेल्या. उतरायला वेळ लागला. मुक्काम धर्मशाळेत ठरला.

आणि तिथेच दिवसातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. बॅटरी रिकामी होती. खोलीच्या बाहेर व्हरांड्यात सोळा अँपिअरचे बटन होते. नातवाने वायर काढली. अण्णांनी हात धरला. “ही वीज कोणाची?”

मंदिराची किंवा संस्थेची वीज म्हणजे समाजाचे द्रव्य. देवद्रव्य, निर्माल्य, साधारण खाते, शब्द पंथापंथांत वेगळे. पण त्यातला कणही आपल्या उपभोगात येऊ नये ही भीती सर्व घरांत सारखी. मोबाइल लावतो तेव्हा कोणी विचार करत नाही, कारण त्याला रुपयाचीही वीज लागत नाही. गाडीला एका रात्रीत सतरा युनिट लागतात. दोन-तीन दिव्यांच्या खोलीला महिनाभर पुरतील इतके. खोलीचे भाडे किंवा स्वेच्छादान घेताना हा खर्च कोणी धरलेला नसतो. रोज दोन यात्रेकरूंनी असे केले तर वर्षाअखेर संस्थेच्या खात्यात बारा हजारांहून अधिक युनिटांची तूट दिसेल, आणि ती कशाने आली ते कोणाला कळणार नाही. तीर्थक्षेत्रांच्या विश्वस्तांपुढे हा प्रश्न आज-उद्या येणारच आहे. वाहनतळावर स्वतंत्र मीटर आणि दराची पाटी, एवढ्यावर तो सुटतो. न सुटला तर दर्शनाला येणारा श्रीमंत माणूस, नकळत, चटईवर झोपणाऱ्या यात्रेकरूच्या दानावर गाडी भरून नेईल.

अण्णा कार्यालयात गेले, सतरा युनिटांचे अडीचशे रुपये ‘वीजखर्च’ म्हणून वेगळे जमा केले, पावती घेतली, आणि मग वायर लागली.

परतीच्या वाटेवर नातवाने विषय काढला तो धुराचा. अण्णांच्या पैशाच्या हिशेबाला त्याच्याकडे तेच उत्तर उरले होते. पण मराठवाड्याची वीज पुष्कळशी कोळशाची आहे. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, म्हणजे वीज कोळसाही खाते आणि पाणीही पिते. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. सतरा युनिट, पन्नास किलोमीटर : किलोमीटरला २४० ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो, शहरात आठच्या हिशेबाने किलोमीटरला २९० ग्रॅम, मोकळ्या रस्त्यावर अकराच्या हिशेबाने २१०. शहरात थोडा फायदा, महामार्गावर थोडा तोटा. धूर मस्तगडाच्या गल्लीतून परळीच्या चिमणीत गेला, एवढाच बहुतांश फरक. गल्लीत खेळणाऱ्या मुलांसाठी तोही लहान नाही, हे अण्णांनी कबूल केले. वाड्याच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले, तर मराठवाड्याच्या उन्हात रोज बारा युनिटांच्या आसपास मिळतील आणि मग चित्र खरोखर बदलेल; केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तेवढ्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत अनुदानही आहे. “मग आधी पॅनेल लावू,” अण्णा म्हणाले. “त्याला गाडी लागत नाही.”

रात्री वाड्यात वही पुन्हा उघडली. जाऊन-येऊन १८० किलोमीटर. घरची वीज २०४, धर्मशाळेची २५०, राहिलेल्या ८० किलोमीटरांचे पेट्रोल ७६४. एकूण १,२१८ रुपये. तेवढीच मोठी पेट्रोल गाडी लिटरला अकराने १,७१८ रुपये घेऊन गेली असती, पाचशेची बचत. पण अण्णांनी तिसरी ओळ लिहिली. डिझेलची मोठी गाडी, लिटरला तेरा, डिझेल ९२ रुपये : १,२७४. म्हणजे फरक छप्पन्न रुपयांचा. आणि धर्मशाळेत वायर लावलीच नसती, तर याच गाडीला १,४४५ लागले असते, डिझेलहून १७१ जास्त.

नातू बराच वेळ त्या छप्पन्नाकडे पाहत बसला. मग त्याने विचारले, की रोजचे वीस किलोमीटर तर जुन्या छोट्या गाडीच्या जागी लहान विजेची गाडी घेऊनही होतील, आणि वाहने दोनच राहतील. अण्णांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. वाहनांच्या पानावर त्यांनी व्रताचा जुना आकडा तसाच ठेवला, धर्मशाळेची पावती त्याला टाचली, आणि पेन्सिलीने लहान अक्षरांत लिहिले : सौर पॅनेलचे भाव विचारणे.

आतून आजींचा आवाज आला. “पाट आणला का रे गाडीतून? उद्या पूजेला लागेल.”